टेकडीखालचे चार दिवस

घर घ्यायचं तर शहराबाहेर रालामंडलच्या टेकडीखालीच, हे बाबूरावांच्या डोक्यात रिटायर झाल्यापासून बसलं होतं. सुलोचनाबाईंना ते मुळीच पटत नव्हतं. सुदामा नगरातलं घर, दारावर येणारी भाजीवाली, जन्माचे शेजारी सोडून त्या ओसाड माळावर कुणी जावं? शेवटी बाबूरावांचा भाचा रजत म्हणाला, "मामी, मी चार दिवस बेंगळुरूला चाललोय. तुम्ही दोघं माझ्या तिथल्या बंगल्यात राहून बघा. नाही आवडलं तर मामांनी विषय बंद करायचा."

नकार मनाशी पक्का करूनच सुलोचनाबाईंनी बॅग भरली.

कॉलनी बड्या लोकांची. फाटकावर सॅल्यूट ठोकणारा गार्ड, रुंद रस्ते आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. रजतच्या अंगणात हिरवळीचं नाव नव्हतं. खडी, मोठाले दगड आणि मधेमधे निवडुंग.

"बघा, बागेतसुद्धा काटे," त्या म्हणाल्या.

"तू व्ह्यू बघ ना, सुलोचना! क्या बात है!" बाबूराव टेकडीकडे हात करून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहा घेऊन मागच्या ओट्यावर बसल्या. फाल्गुन सरत आला होता. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि मधूनच पळस फुलले होते. एक मोर भिंतीवरून आत उतरला, निवडुंगांमधून मालकासारखा हिंडला आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. चहा निवला तरी त्या उठल्या नाहीत. कुणाची हाक नाही, हॉर्न नाही. इतकं निवांत त्या कधी बसल्या होत्या, त्यांना आठवेना.

संध्याकाळी टेकडी आधी तांबूस, मग जांभळी झाली, तेव्हा त्यांनीच हाक मारली, "अहो, बाहेर या, लवकर!"

बाबूराव आले, पण तोंड पाडून. गार्डाशी गप्पा मारायला गेले, तर तो "सर, ड्यूटी पर हूँ" म्हणाला होता. शेजारच्या बंगल्याची बेल वाजवली, तर भिंतीतल्या स्पीकरने "किससे काम है?" विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ते हळूच म्हणाले, "आजच घरी जायचं का?"

"का हो? व्ह्यू संपला?"

"व्ह्यूशी बोलणार काय? तिकडे बडा गणपतीच्या देवळात आपली मंडळी जमली असतील आणि मी इथे दगडांना राम-राम करतोय!"

सुलोचनाबाईंना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मला मात्र इथे राहायचंय."

"अरे! तूच तर नाही म्हणत होतीस!"

"म्हणत होते. तेव्हा बघितलं कुठे होतं?"

वाद दुसऱ्या दिवशीही चालला, पण दोघांनाही त्यात मजा येत होती. रजत परतला तेव्हा त्याने तो चुटकीसरशी मिटवला. "वरचा मजला रिकामाच आहे, मामी. तिकडचं घर कशाला विकता? वाटेल तेव्हा येऊन राहा."

मग असं ठरलं, की शनिवार-रविवार टेकडीखाली आणि बाकीचे दिवस सुदामा नगरात.

पहिल्याच शनिवारी बाबूराव बडा गणपतीची सगळी मंडळी दोन रिक्षांत भरून घेऊन आले. गार्ड गोंधळला. सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. बाहेर गच्चीवर बाबूराव मित्रांना टेकडी दाखवत होते, जणू ती त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती.