पाचटातली ऊब

अहवाल दिल्यापासून स्वरूपाला अन्न गोड लागत नव्हतं; तिच्या शब्दावर एक माणूस कोठडीत गेला होता. माश्यांच्या अळ्यांच्या वयावरून मरणाची वेळ काढायची, हे तिचं बारामतीच्या कॉलेजातलं संशोधन. लोक तिला 'अळ्यांची डॉक्टरीण' म्हणून चिडवायचे. शुक्रवारी पोलिसांनीच बोलावलं, तेव्हा तिला कोण हुरूप आला होता! निरवांगी गावात बिरू नावाच्या पोराच्या शेतात, उसाच्या वाळल्या पाचटाच्या ढिगाखाली शेजारच्या गेणबाचं प्रेत सापडलं होतं. तिनं वेधशाळेचं तापमान घेतलं, अळ्यांची लांबी मोजली आणि ठोकून लिहिलं, मरण सोमवारी. सोमवारी बिरूची गेणबाशी बाचाबाची झालेली. झालं, पोलिसांनी बिरूला उचललं.

रविवारी बिरूची आई, द्वारकाबाई, प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"बाई, पाचट कुजवायला घातलेलं हुतं. आंबा अढीत घातला की झाडावरल्याच्या आधी पिकतो. तुमच्या अळ्यांचं तसं न्हाय व्हायचं?"

स्वरूपाच्या पायाखालची जमीन सरकली. एवढी पुस्तकं वाचून अढी सुचली नाही! शिकलेल्या माणसाचं हे असं. प्रेत पडलं त्याच जागी तासातासाला तापमान टिपायचं, ही नवी पद्धत तिला तोंडपाठ होती. पण घाईत वेधशाळेच्या आकड्यावर भागवलं, आणि आता एकाच्या गळ्याला फास लागायची वेळ आली.

त्याच दिवशी तिनं तापमान टिपणारं काडेपेटीएवढं यंत्र ढिगात पुरलं. मंगळवारी दोघी तिथं उकिडव्या बसल्या. स्वरूपानं यंत्र उघडलं. बाहेर अठ्ठावीस, आत अडतीस. एवढ्या उबेत अळ्या भराभर वाढलेल्या. तिनं तीनतीनदा हिशेब केला.

"मरण सोमवारी नाही, द्वारकाबाई. बुधवारी."

"बुधवारी?" बाई ताडकन उठली. "मंगळवारपासनं गुरुवारपतुर बिरू बारामतीच्या दवाखान्यात हुता, सलाईन लावलेली! सुटला गं माझा बिरू!" तिनं स्वरूपाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"मग बुधवारी इथं शेतात कोण होतं?" स्वरूपानं सहज विचारलं.

"कोण म्हंजी, पाण्याची पाळी हुती. आमचा थोरला, संदेश..."

बाईनं पदर तोंडावर धरला. स्वरूपानं हिशेबाची वही मिटली. नवा अहवाल दिला नाही तर बिरू आत सडणार, दिला तर पोलीस संदेशला न्यायला याच घरी पुन्हा येणार.

द्वारकाबाईनं वाकून यंत्राचा खड्डा पाचटानं बुजवला. मग स्वरूपाकडं न बघता तिनं विचारलं, "बाई, ते यंत्र चुकत बी असंल, न्हवं?"