टॉवेलांनी अडवलेली जागा

"स्वतःचा फोन आहे की तुझ्याकडं! मग कंपनीनं वेगळा कशाला द्यायचा?" हे वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही, असा नोकरदार आज शोधून सापडायचा नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम करणाऱ्या धनलक्ष्मीनंही ते ऐकलं आणि मान डोलावली. मालक गुरुशांत यांनी तिच्या फोनात कंपनीचं ॲप टाकायला लावलं. टॉवेलांची डिझाइनं तिच्याच फोनात, तिच्याच क्लाउडच्या फुकट मिळालेल्या जागेत साठू लागली.

एका सकाळी मोहोळहून येताना तिचा फोन एसटीत राहिला. ऑफिसात पोचल्यावर ते तिच्या ध्यानात आलं. मालकांना सांगताच ते फोनातलं सगळं लांबूनच पुसायला कॉम्प्युटरकडं वळले.

"सर, जरा थांबा. मी पळत स्टँडवर जाऊन येते. कंडक्टर ओळखीचे आहेत," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"थांबू? परदेशी गिऱ्हाइकाची डिझाइनं आहेत त्यात!" गुरुशांत कडाडले आणि त्यांनी त्या ॲपच्या आधारे आपल्या कॉम्प्युटरवरून तिचा सगळा फोन पुसून टाकला.

फोन स्टँडवर सुखरूप मिळाला. कंडक्टरनं कंट्रोलरकडं जमा केला होता. पण आत काहीच नव्हतं, दुकानातून आणल्यासारखा तो कोरा झाला होता.

धनलक्ष्मीनं आधी आईचे मेसेज शोधले. तिची आई शिवम्मा दिवाळीत गेली. आजारपणात ती रोज दुपारी लेकीला आवाजी मेसेज पाठवायची, "लक्ष्मी, ऊटा आतेन? डबा खा गं." जेवलीस का, एवढंच विचारायची. आईचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. क्लाउडवर तरी असेल म्हणून तिनं पाहिलं, तर तिथली जागा कधीचीच टॉवेलांच्या डिझाइनांनी भरून गेली होती. आईसाठी तिथं जागाच राहिली नव्हती!

ती तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरली. दारावर टकटकसुद्धा केली नाही.

"माझ्या आईचा आवाज होता ह्यात! फोन माझा, रिचार्ज माझा, जागाही माझी. पुसताना मात्र सगळंच तुमचं?"

"नियम आहे. ॲप घेताना तू होकार दिलायस की," गुरुशांत म्हणाले.

"नाही म्हणाले असते तर कामावर ठेवलं असतं?"

गुरुशांत टेबलावरचे कागद चाळू लागले. समोर त्यांचे थोरले चुलतभाऊ आणि भागीदार रुद्रप्पा बसले होते. त्यांनी हात पुढं केला. "गुरुशांता, तुझा फोन दे."

"कशाला, अण्णा?"

"त्यातबी डिझाइनं हायत की. परवा लग्नात तूबी फोन विसरून आलतास. नियम तुलाबी लागू. टाकू पुसून."

गुरुशांतांचा हात झटकन खिशावर गेला. "नको! माझ्या नातीचं पहिलं बोलणं आहे त्यात!"

"मग हिच्या फोनात हिची आई न्हवती व्हय?" रुद्रप्पांचा आवाज चढला. "डिझाइनं जपायची तर कंपनीनं फोन द्यावा. न्हायतर तिच्या फोनात कंपनीपुरता वेगळा कप्पा करावा, माल कंपनीच्या क्लाउडवर ठेवावा आणि वेळ आली तर तेवढाच कप्पा पुसावा. लई अवघड हाय का? आपण चार पैसे वाचवले आणि पोरीच्या घरात शिरलो!"

गुरुशांतांची मान खाली गेली. "चुकलं माझं, धनलक्ष्मी," ते कसंबसं म्हणाले. "अण्णा म्हणतात तसंच करतो."

त्यांनी शब्द पाळला. डिझाइन करणाऱ्यांना कंपनीचे फोन मिळाले, बाकीच्यांच्या फोनात कामाचा कप्पा वेगळा झाला आणि काय पुसलं जाईल, काय नाही, हे प्रत्येकाला आधी समजावून सांगितलं गेलं.

"चांगलं केलंत सर," धनलक्ष्मी म्हणाली. "पण उशिरा केलंत."

तिचा राग अजून गेलेला नाही, आणि तो का जावा? मालक मंडळींनो, नोकराचा फोन कामाला घेताना त्याचं घरही तुमच्या हाती येतं. त्या घराला हात लावायचा तुम्हाला अधिकार नाही! आणि नोकरदारांनो, होकाराचं बटण दाबण्याआधी विचारा, उद्या माझं काय काय पुसणार?

धनलक्ष्मीकडं आता दोन फोन आहेत. दुपारी डबा उघडला, की तिचा हात अजूनही जुन्याच फोनकडं जातो.