विनेशची खाडी

चंदर कोळ्याला पाण्यातलं कळत नाही, असं म्हणणारा माणूस रेवदंड्याच्या कोळीवाड्यात अजून जन्माला यायचा होता. वारा फिरणार हे त्याला फिरायच्या आधी कळायचं आणि कळलं की ते दहा जणांना ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. साठी उलटली तरी ही खोड गेली नव्हती. मार्गशीर्षात मात्र ती एका दिवसात गेली. त्याचा एकुलता एक मुलगा विनेश वडखळच्या नाक्यावर ट्रकखाली आला. सत्तावीस वर्षांचं पोर. तेव्हापासून चंदर किनाऱ्यावर येऊन बसायचा तो गप्पच.

पौष सरता सरता नागावच्या किशोरीताई भेटायला आल्या. या बाईंनी उभा जन्म रेल्वेच्या नकाशा कचेरीत पूल आखण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर नागावात घर बांधून तिथे छोट्या आगगाड्यांचा पसारा मांडला होता. विनेश अलिबागला दुकानाच्या पाट्या रंगवायचा. बाईंच्या फाटकावर नाव रंगवायला म्हणून गेला, खिडकीतून आत धावणारी वीतभर गाडी पाहिली आणि तिथलाच होऊन बसला. दोन वर्षं त्याचा एक रविवार चुकला नाही. चंदर या सगळ्याला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणायचा. ‘बाबा, एकदा चला बघायला,’ असं विनेश तीनदा म्हणाला होता. एकदा जाळं फाटलं होतं, एकदा अंगात कणकण होती आणि तिसऱ्यांदा चंदरने काही कारणच दिलं नव्हतं.

किशोरीताई पाटावर बसल्या, पाण्याचा तांब्या हातात घेतला. मग म्हणाल्या, “चंदरभाऊ, अलिबागला रेल्वे येणार, येणार, हे ऐकत मी म्हातारी झाले. म्हटलं, आपणच आणू. माझ्या टेबलावर ती पेणहून निघते, अलिबागला थांबते आणि रेवदंड्याची खाडी ओलांडून पलीकडे जाते. पूल मी केला. खाडी विनेशने केली. काठ, चिखल, पुलाचे खांब, सगळं झालंय. पाणी तेवढं राहिलं. मुंबईचा एक जण येऊन करून देतो म्हणतोय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी कोणाला हात लावू देणार नाही.”

“पानी मी करीन,” चंदर म्हणाला. आपण काय बोललो हे त्यालाही बोलून झाल्यावरच कळलं.

आत चुलीपाशी त्याची बायको केसर होती. तिने हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्या घरात नवराबायको एकमेकांशी बोलायचीच बंद झाली होती. ती पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जायची, दुपारी बाजारातून रिकामी पाटी घेऊन यायची, भात टाकायची. चंदरने ठरवलं, तिला काही सांगायचं नाही. काम पुरं झालं की तिला न्यायचं आणि दाखवायचं, बघ, तुझ्या पोराचं काम मी अर्धवट राहू दिलं नाही. पोराला जिवंतपणी आपण एक बरा शब्द दिला नाही, हे त्याला आता रात्रंदिवस खात होतं. आता निदान त्याच्या हातचं शेवटचं काम तरी बापाच्या हातून बिघडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

मग दिवसाआड एसटीने नागाव. पहिल्या दिवशी तो टेबलासमोर उभा राहिला आणि वाकून बघू लागला. काठावर खडक होते, खडकांवर कालवांचा पांढरा थर होता. वाळत घातलेल्या बोंबलांची मांडवी होती, तीही नखाएवढी. आणि मधे कोरडी खाडी. चिखल असा की पाय टाकला तर रुतेल.

“चिखल बरा केलाय,” तो म्हणाला.

किशोरीताईंनी त्याला काम शिकवलं. रेझिन, म्हणजे वाळल्यावर काचेसारखा कडक होणारा चीक, दोन भाग, ते घट्ट करणारं औषध एक भाग, कपात ओतून सावकाश ढवळायचं. घाईने ढवळलं की बुडबुडे होतात. एका वेळी तीन मिलिमीटरचाच थर द्यायचा, तो वाळला की दुसरा. पेटता लायटर वरून फिरवला की उरलेसुरले बुडबुडे फुटतात. आपल्याकडची हवा दमट, म्हणून खोली बंद ठेवून आत पिवळा बल्ब लावायचा, नाहीतर वरचा पापुद्रा चिकट राहतो. चंदर हे सगळं शाळेतल्या पोरासारखा ऐकायचा. डब्यांच्या झाकणांत त्याने पहिले प्रयोग केले. एक झाकण अंगठ्याला चिकटून आलं, एक दुधाळ झालं, एकात माशी अडकली. बाई हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी तोही हसला.

फळीवर विनेशची झाकणं ओळीने मांडलेली होती. सहा झाकणं, सहाही स्वच्छ. किंचित हिरवट झाक, तळ लख्ख दिसत होता.

“हे काय पानी हाय?” चंदर म्हणाला. “हे बाटलीतलं पानी. खाडीचं न्हाय.”

“त्याच्या मनात असंच होतं,” किशोरीताई म्हणाल्या. “मी म्हटलं होतं त्याला, आपली खाडी गढूळ असते रे. तर म्हणाला, बाई, इथे स्वच्छच हवं.”

“त्याला काय ठाव? होडीत बसला किती तो?”

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं. पण शब्द मागे घेणं तो कधी शिकलाच नव्हता. किशोरीताईंनी झाकणं पुन्हा ओळीत लावली. ज्याचा मुलगा गेलाय त्याच्याशी रंगावरून काय वाद घालायचा, असं त्यांना वाटलं असणार.

होड्या ठेवायची वेळ आली तेव्हा तर चंदरला जुना हुरूप आला. विनेशने पाच होड्या करून खोक्यात ठेवल्या होत्या आणि कागदावर त्यांच्या जागा आखल्या होत्या. पाचांचीही तोंडं समुद्राकडे.

“बाई, काठाला चिखल उघडा पडलाय. म्हंजे वहोटी लागलीय. पानी समुद्राकडं वढतंय. मग नांगरलेली होडी तोंड करनार वरच्या अंगाला, पान्याच्या सामनं. हे असं.” त्याने पाचही होड्या उलट्या फिरवल्या.

किशोरीताई टेबलाभोवती एक चक्कर मारून आल्या. “खरंच की हो. आता पाणी नसूनसुद्धा वाहतंय असं वाटतंय.”

त्या दिवशी एसटीत चंदर खिडकीशी बसून मनातल्या मनात पोराशी बोलत आला. सांगितलं असतंस तर मी आलो असतो, असं तो म्हणत होता. आणि तीनदा सांगितलं होतं, हेही त्याला आठवत होतं.

रंग जमायला पंधरा दिवस गेले. निळ्याला त्याने हातच लावला नाही. मातकट, त्यात थेंबभर हिरवा, त्यात काळ्याची नुसती काडी बुडवायची. तो रोज ओहोटीच्या वेळी बंदरावर जाऊन काचेच्या पेल्यात पाणी भरायचा, उन्हात धरून बघायचा. बघणाऱ्यांना वाटलं, पोराच्या दुःखाने चळला. शेवटी विसाव्या का एकविसाव्या झाकणात ते पाणी आलं. दूध कमी पडलेल्या चहाचा रंग. खाली काय आहे ते दिसत नाही, पण खाली काही आहे असं वाटतं.

“पहिला थर तरी बिनरंगाचा देऊ या का?” किशोरीताईंनी हळूच विचारलं. “त्याच्या हातचं तळाचं काम दिसेल थोडं.”

“खाडीत कुठं असतं बिनरंगाचं पानी?” चंदर म्हणाला. “खोटं दिसंल बाई. त्याचं काम मला खोटं न्हाय करायचं.”

कपातलं रेझिन त्याने इतक्या हळू ओतलं की एक बुडबुडा आला नाही. पुलाच्या खांबांभोवती पाणी फिरलं, होड्यांच्या बुडाला लागलं, चिखलाच्या कडेला येऊन थांबलं. तीन खेपांत तीन थर झाले. वर घट्ट जेल घेऊन त्याने ब्रशच्या टोकाने लाटा उठवल्या. खांबांमागे पाणी कसं वळतं, होडीच्या तोंडाशी कसं फाटतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. काम झालं तेव्हा किशोरीताईंनी वाकून पुलाखालून पाहिलं. मग म्हणाल्या, “चाळीस वर्षं पूल काढले मी. पुलाखालचं पाणी आज पाहिलं.”

शिमगा त्यांच्या घरी यंदा नव्हताच. तो उलटल्यावर एका सकाळी चंदर केसरला म्हणाला, “आज पाटी र्‍हाऊ दे. नागावला चल.” ती काही न विचारता लुगडं बदलून आली.

किशोरीताईंनी खिडक्या उघडल्या. चंदर बाजूला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण केलेल्या कामाबद्दल त्याला स्वतः बोलावंसं वाटेना. कोणीतरी बोलावं, असं वाटत होतं.

केसर सरळ पुलापाशी गेली. तिला वाट दाखवावी लागली नाही, तेव्हाच चंदर चरकला.

“तू आलीवतीस हितं?”

“दिवाळीत. त्यानं आनलं होतं. बाई पुन्याला गेल्या होत्या, चावी त्याच्यापाशी व्हती.” ती दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबांच्या मधे वाकून बघत होती. पदराने तिने पाण्यावरून एकदा पुसलं. पुन्हा बघितलं. “नांगर कुठं हाय?”

“कसला नांगर?”

“हितं व्हता. तळाला.” तिने चंदरकडे पाहिलं. “तुमचा.”

चंदरला काही उमगेना. होड्यांचे नांगर त्याने दोऱ्याला लावून पाण्यात सोडले होते, ते पाच. हा कुठला?

“इनेश तेरा वर्षांचा असंल,” केसर म्हणाली. “त्यानं गाठ मारली, ती सुटली, नांगर खाडीत गेला. होडी खडकावर लागली. तुमी त्याला धक्क्यावर सगळ्यांसमोर दोरीनं मारला. नांगर बांधता येत न्हाय तो कसला कोळी, म्हनालात. ध्यानात तरी हाय का?”

नव्हतं. आता ती सांगत होती तसतसं येत होतं. पोराने तोंडावर हात घेतले होते, ते आठवलं. त्यानंतर पोर होडीवर आलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते का आलं नाही, हे त्याने कधी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

“त्यानंतर दोन वर्सं दर उधाणाच्या वहोटीला सळई घेऊन तो चिखलात जायचा. टोचून टोचून नांगर हुडकायचा. गावला असता तर तुमच्या पुढ्यात आनून टाकनार होता. न्हाय गावला.” ती पुन्हा पाण्याकडे वळली. “दिवाळीत मला म्हनाला, आये, हितं बघ. चिखलात अर्धा रुतलेला, तुटक्या दोरासकट. तांदळाच्या दान्याएवढा. म्हनाला, गावला बघ शेवटी. बाबांना सांगू नको. ते येतील तवा मीच दाखवीन.”

किशोरीताई म्हणाल्या, “म्हणून स्वच्छ हवं होतं त्याला. मला बोलला नाही तो.”

चंदर टेबलाकडे गेला. त्याने खिशातला मोबाईल काढला, त्याचा दिवा पाण्यावर धरला. उजेड वरच्या लाटांवर चमकला आणि तिथेच राहिला. त्याने बाजूने धरला, खाली वाकून आडवा धरला. पाणी त्याने इतकं चोख केलं होतं की त्यातून काही म्हणता काही दिसत नव्हतं. ओतायच्या आधी स्वतः मऊ ब्रशने त्याने तो तळ झाडला होता. दोन दिवस झाडला होता. चिखल बघितला, वाळू बघितली, रंग बघितला. ब्रश त्या नांगरावरूनही फिरला असणार.

“बाई, खरवडता येईल?”

“येईल,” किशोरीताई म्हणाल्या. “पण ते तळाला चिकटलेलं असतं, चंदरभाऊ. खालचं सगळं त्याबरोबर उपटून येईल. चिखल, नांगर, काहीच राहणार नाही.”

“किती खोल हाय?”

बाई म्हणाल्या, “तीन थर. नऊ मिलिमीटर.”

बारा वाव खोल पाण्यात गेलेलं जाळं चंदरने एकदा गळ टाकून वर आणलं होतं, आणि ती गोष्ट तो पुढे वीस वर्षं सांगत होता. आता त्याने तर्जनी त्या कडक पाण्यावर ठेवली आणि केसरला विचारलं, “हितं?”

“थोडं अलीकडं.”

त्याने बोट सरकवलं. “हितं?”

“व्हय. हितंच.”

बोट तिथे टेकवूनच तो रडायला लागला. मार्गशीर्षात चार माणसांत आवरून धरलेलं रडू होतं ते, आणि आता आवरायला त्याला जमत नव्हतं. केसरने त्याला उगी म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि दोघं तशीच उभी राहिली.

“इनेश,” चंदर खाली बघत म्हणाला, “मी आलोय रं. दाखव.”