सांभाळणाऱ्याचं नाव

"आज त्या सांभाळणाऱ्यांच्या यादीतून नाव काढणार होतास ना तू? कबूल केलं होतंस." लुद्मिला पायात बूट घालून दारात उभी होती. हातात अळंब्यांची टोपली होती, एकच. नवऱ्याची, व्लास्तिमीलची, खुंटीवर लटकत होती.

"आठवडाभर थांब."

"का?"

"सांगता येत नाही."

"बावीस वर्षं हेच! पोरीच्या लग्नातसुद्धा टेबलाखाली लॅपटॉप उघडून बसला होतास." ती एकटीच जंगलाकाठच्या झोपडीकडे निघून गेली. ब्रनोहून दहाची बस होती.

सांगता येत नव्हतं, हे खरंच होतं. व्लास्तिमील ज्या फाइल सिस्टीमचा, म्हणजे कॉम्प्युटरवर फाइली लावून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा, फुकट सांभाळ करायचा, तिच्यात भोक सापडलं होतं. मुद्दाम बिघडवलेला पेनड्राइव्ह लावला की परका माणूस अख्ख्या कॉम्प्युटरचा मालक! दुरुस्ती जाहीर होईपर्यंत बायकोपाशीही ब्र काढायचा नाही, असा या सांभाळणाऱ्या मंडळींचा दंडक. मला विचाराल तर असला दंडक संन्याशांनीच पाळावा.

भोक कोडच्या चार ओळींत बुजलं. फाइलच्या नावाची लांबी तपासायची राहिली होती, एवढंच. चोरांना वास लागू नये म्हणून दुरुस्तीला मिळमिळीत शीर्षक द्यायचं. खाली मात्र मूळ चूक कोणत्या बदलाने आली ते लिहावंच लागतं. त्याने जुन्या नोंदी उकरल्या. बदल वीस वर्षांपूर्वीचा होता आणि त्याचाच होता. लाजेने त्याचे कान तापले, पण त्याने तसं लिहिलं.

आठवड्याने दुरुस्ती जाहीर झाली. त्याने लगेच फोन लावला.

"भोक होतं, लुद्मिला. माझंच."

"बुजवलंस?"

"हो."

"मग काढ आता नाव. मी फोन धरून बसते."

त्याने यादी उघडली. सांभाळणारा गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर त्या जागी 'अनाथ' लिहायची पद्धत आहे. 'तुम्ही सांभाळाल का?' असं त्याने वर्षभर सगळ्यांना विचारलं होतं. सगळ्यांनी त्याचे मनापासून आभार मानले होते, पुढे कोणी आलं नव्हतं. त्याने 'अनाथ' टाइप केलं. आता पुढचं भोक सापडलं की ते कळवणारं पत्र कोणाला जाणार?

"लिहिलंस?"

त्याने तो शब्द पुसला आणि पुन्हा आपलं नाव लिहिलं.

"अजून थोडे दिवस," तो म्हणाला.

ती म्हणाली, "अळंबी वाळवून झाली. तुझी बरणी वेगळी ठेवलीय."

फोन ठेवून त्याने खुंटीवरची टोपली काढली, तळाशी अडकलेलं गेल्या वर्षीचं पान झटकलं आणि ती परत खुंटीला लावली.