पुलावरची हिरवी टोपी

महेशचा नेम चुकायला लागला तो योगिनी गेल्यापासून. त्याआधी तो मोठा नेमबाज होता अशातला भाग नाही, पण समोरचा शत्रू सोडून गोळी भलत्याच कोपऱ्यात जावी, इतकी वाईट वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

गेम जुनाच. कंट्रोलर बंदुकीसारखा टीव्हीकडे रोखायचा, पडद्यावरचा लाल ठिपका शत्रूवर न्यायचा आणि बटण दाबायचं. लग्नानंतर दोघांनी तो हौसेनं सेकंडहँड आणला होता. महेश ओझरच्या कारखान्यातून पंचवटीत घरी आला की आधी चहा आणि मग गोळीबार. योगिनी भाजी चिरता चिरता उठून यायची, चारपाच जणांना लोळवायची आणि नवऱ्याला दोन शब्द सुनावून पुन्हा विळीवर बसायची. तिचा शिपाई हिरव्या टोपीचा, त्याचा निळ्या. शेवटचा पूल तेवढा ओलांडायचा राहिला होता. मग तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही.

आता महेश दोन्ही कंट्रोलर चालू करायचा. तिचा कंट्रोलर सोफ्यावर तिच्या जागी पडलेला असे आणि पडद्यावर हिरवी टोपी नुसती उभी. शत्रू संपले की दोघं शिपाई आपोआप पुढे सरकत. एकट्यानं सगळे शत्रू टिपून तिला जिवंत पलीकडे न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण ठिपका हट्टानं खाली डावीकडे पळायचा आणि हिरवी टोपी दर वेळी त्याच्या डोळ्यांदेखत पडायची. ते त्याला सहन व्हायचं नाही.

त्यानं सेल बदलले, खुर्ची मागेपुढे केली, कंट्रोलरला शिव्या घालून पाहिल्या. मेव्हणी रोशनी डबा घेऊन आली तेव्हा तिनं त्याचं खेळणं पाहिलं.

"भाऊजी, हात थरथरतोय तुमचा," ती म्हणाली. "वेळेवर जेवत नाही, मग दुसरं काय होणार?"

डॉक्टरनं हात तपासला. हात ठणठणीत होता.

टीव्हीखालच्या फळीवर डाव्या बाजूला योगिनीचा फोटो होता. रोज तिन्हीसांजेला महेश त्याच्यापुढे तेलाचा दिवा लावायचा आणि तो शांत होईपर्यंत पंखा बंद ठेवायचा. मे महिन्यात एका संध्याकाळी मात्र खेळता खेळता उकाड्यानं जीव कासावीस झाला आणि त्यानं न राहवून पंखा लावला. ज्योत फडफडून विझली. त्याच क्षणी ठिपका सुतासारखा सरळ आला.

महेशनं पंखा बंद करून दिवा पुन्हा लावला. ठिपका पुन्हा डावीकडे गेला. टीव्हीखाली गेमची एक पट्टी होती, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक दिवे होते आणि त्यांच्याकडे पाहून कंट्रोलर नेम धरायचा. शेजारच्या ज्योतीनं त्याला चकवलं होतं. इतके दिवस बिचाऱ्या हाताला उगाच बोल लागला.

त्यानं दिवा अलगद उचलून स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात ठेवला आणि खेळायला बसला. एकही गोळी वाया गेली नाही. पूल संपला. पलीकडे निळी टोपी आणि हिरवी टोपी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तुताऱ्या वाजल्या.

"आपण जिंकलो गं," महेश म्हणाला.

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. पडदा काळा झाला, दोन्ही टोप्या गेल्या. पूल ओलांडला की छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. उलट, तिच्यासाठी करण्यासारखं आता काहीच उरलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो फार एकटा पडला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यानं दिवा पुन्हा फोटोपुढे लावला. पंखा बंद केला. दोन्ही कंट्रोलर चालू केले. ठिपका निमूट तिच्या फोटोकडे सरकला. हिरवी टोपी पुलाच्या तोंडाशीच पडली.

"घाई नाही," तो फोटोला म्हणाला, आणि त्यानं खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.