अजमोदाचं पान

थिओरोस घण मारायचा आणि सोसिस ठसा धरायचा. सिराक्यूजच्या टांकसाळीत ही जोडी टिकली, कारण थिओरोसचा घण सोसिसच्या बोटांवर कधी पडला नव्हता. बाकी दोघांत मेळ असा काही नव्हता. सोसिसच्या तोंडाला विश्रांती नसे, आणि थिओरोस हो-नाहीच्या पलीकडे फारसा जात नसे.

एका सकाळी भट्टीवाल्यानं परगावच्या जुन्या नाण्यांची टोपली आणून ठेवली. चांदी चांगली होती. तापवून तिच्यावर फक्त आपल्या शहराचा छाप उठवायचा होता. सोसिसनं पहिलं लालभडक नाणं सांडशीनं उचलून ऐरणीतल्या ठशावर ठेवलं. वरचा ठसा तो टेकवणार, तोच थिओरोसनं घण खाली ठेवला.

नाण्यावर अजमोदाचं पान होतं. सेलिनुसचं नाणं; थिओरोसच्या गावचं.

कार्थेजच्या फौजेनं सेलिनुस जाळलं तेव्हा तो मीठ आणायला बाहेरगावी गेला होता, म्हणून वाचला. परतला तर वेशीच्या जागी दगडांचा ढीग होता. आई, बायको, धाकटा भाऊ, कुणाचाच पत्ता लागला नाही. नदीकाठी अजमोद तेवढा पूर्वीसारखाच माजला होता. त्याच्यावरूनच तर गावाला नाव पडलं होतं. गाव गेलं, तरी त्याचं नाणं बाजारात अजून खरं मानलं जात होतं.

"अरे, गार होतंय," सोसिस म्हणाला. "हात भरून आला की काय?"

"आमचं आहे ते."

सोसिसनं वाकून पाहिलं. ओठांवर आलेला टोमणा त्यानं गिळला. "मारावं तर लागेलच बाबा. मुकादम बघतोय. असं कर, आज तू धर, मी मारतो."

"तुझ्या घणाखाली माझी बोटं? नको. तापव परत."

घण पडत राहिला. पानाच्या जागी चार घोड्यांचा रथ उठत गेला. एखाद्या नाण्यावर घोड्यांच्या पायाखाली पानाची कड उरायची. मुकादम ते नाणं बाजूला काढून पुन्हा भट्टीकडे पाठवायचा.

दुपारी भाकरी मोडताना सोसिस म्हणाला, "बंदरावर खारवलेले मासे विकते ना, फिलीना, ती तुमच्याकडचीच असणार. बोलते अगदी तुझ्यासारखी, शब्द ओढून ओढून. जा की एकदा."

काम सुटताच थिओरोस बंदराकडे निघाला. कोणती आळी, कोणती विहीर, काय काय विचारायचं ते वाटेत मनाशी घोळवत होता. फिलीना पाटीपाशी बसून मासे चिरत होती.

"मावशी, तुम्ही सेलिनुसच्या ना?"

सुरी थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"मीही तिथलाच. कुंभारआळीतला."

"म्हणजे नदीच्या अंगाला." तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वय काय तुझं?"

"पस्तिशी आली."

"माझा थोरला एवढाच असता." मग ती पुन्हा मासा चिरू लागली. "हे बघ बाळा, इथं मला कुणी ओळखत नाही, म्हणून माझे दिवस निघतात. तू समोर उभा राहिलास की सगळं गाव उभं राहतं. परत येऊ नकोस."

"नुसता बसेन. काही विचारणार नाही."

"बसूही नकोस."

तिनं एक मोठा तुकडा अंजिराच्या पानात बांधून त्याच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. तो वळला तेव्हा ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, शब्द न ओढता, सिराक्यूजच्या बायकांसारखी भरभर.

दुसऱ्या दिवशी सोसिसनं विचारलं, "भेटली का?"

"भेटली."

"मग?"

"मासा चांगला असतो तिचा."

टोपलीत अजून पानाची नाणी होती. त्या दिवशी थिओरोसनं असा काही घण घातला की कुठल्याच नाण्यावर कड उरली नाही. मुकादम जाता जाता म्हणाला, "असं पाहिजे काम." संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी झाली.

"चल, आज माझ्याकडे जेवायला," बाहेर पडताना सोसिस म्हणाला. "पोरं दंगा करतील, तेवढं सहन कर."

"येतो," थिओरोस म्हणाला आणि बरोबर चालू लागला. सोसिस बायकोनं कालवणात लसूण जास्त घातल्याची तक्रार रंगवून सांगत होता. आपल्या गल्लीच्या तोंडाशी थिओरोसची पावलं मंदावली. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग आत वळला. सोसिस बोलत बोलत पुढे गेला, आणि शेजारी कुणी नाही हे त्याला बरंच पुढे गेल्यावर कळलं.