एकेचाळिसावं शेत

मित्रांनो, इतिहास राजवाड्यांत घडत असेल, पण वस्तीला येतो तो माझ्या पोटात. राजे गेले, मुकुट गेले, एका अख्ख्या मुलुखाची स्मृती मात्र मी एकटीने तोलून धरली आहे. सध्या तिच्याबरोबर मी आणखी एक गोष्ट तोलून धरते. ती म्हणजे डेरिनागॉल गावच्या सभागृहातलं चहाचं टेबल. त्याचा एक पाय आखूड आहे.

मी एक जुनी वही आहे. मेंढ्यांच्या जंतांवरचं औषध घेतलं की मी फुकट मिळत असे. माझ्या पुठ्ठ्यावर एक मेंढा हसतो आहे. त्या औषधानंतर हसलेला दुसरा मेंढा आयर्लंडात कुणी पाहिलेला नाही.

मला कामाला लावलं ते मॅलकी टिअर्नन यांनी. चाळीस वर्षं टपाल वाटून ते निवृत्त झाले होते. सरकारी नकाशात आमच्या सगळ्या रानाला मिळून एकच नाव आहे, पण इथे शेताशेताला नाव असतं. ती नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात होती आणि म्हातारे एकेक करून चर्चच्या आवारात पोहोचत होते. म्हणून मॅलकी मला कोटाच्या खिशात घालून दारोदार फिरू लागले.

"चाळीस वर्षं वाईट बातम्या आणल्यास," लोक म्हणायचे, "आता आमची शेतं न्यायला आलास होय रे?"

"नेत नाही, फक्त उतरून घेतोय. चहा टाका."

उपाशी टेकाड, हंसाचं डबकं, विधवेचा उतार, दोन भावांनी अबोला धरलेला तुकडा. अशी चाळीस नावं माझ्यात निळ्या शाईने उतरली. मी फुगले होते, अर्धी अभिमानाने आणि अर्धी पावसाने.

एकेचाळिसावं नाव ब्रिजी कॉनबॉय यांनी सांगितलं. ब्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत त्या मॅलकींना वरच्या कुरणाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे एक काटेरी झाड होतं आणि गवतात बसलेले पांढरे दगड होते.

"सगळे याला वरचं कुरण म्हणतात," त्या म्हणाल्या. "घरात आई लेकरांचं वावर म्हणायची. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं चर्चच्या आवारात पुरू देत नसत. बाप दिवस मावळल्यावर पेटी काखेत घेऊन इथे यायचा आणि परत गेल्यावर घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. तिसरा दगड माझ्या भावाचा. लिही, मॅलकी. मी गेले की हे सांगणारं कुणी उरणार नाही, आणि मग इथे कुणीही नांगर घालील."

मॅलकींनी पेन काढलं. मग ते खिशात ठेवून पेन्सिल काढली.

"शेत फिन्टन गिलहूलीचं आहे, ब्रिजी. त्याच्या कानावर घातल्याशिवाय शाईत कसं लिहू? विचारतो आणि मग गिरवतो."

मित्रांनो, आमच्या गावात माणसाला त्याच्या शेताविषयी एकदम विचारत नाहीत. आधी हवामानावर बोलतात. मॅलकी सहा महिने फिन्टनना भेटत होते आणि सहा महिने दोघे हवामानावर बोलले. फेब्रुवारीत विषय वाऱ्यापर्यंत आला होता. त्याच महिन्यात मॅलकी वारले.

मग माझं कौतुक झालं. फिन्टनसाहेब गावच्या वारसा समितीचे अध्यक्ष होते. "अमूल्य ठेवा!" ते म्हणाले आणि माझ्यातली नावं उतरवून गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर सूर्यास्त होता, मागे अध्यक्ष होते. प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकांच्या थप्पीखाली टेबल डुगडुगू लागलं.

"काही जाडसर आहे का रे?" अध्यक्षांनी विचारलं. कुणीतरी मला पुढे केलं. त्यांनी स्वतः वाकून मला पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या माझ्यासाठी नव्हत्या.

ब्रिजींनी उभ्या-उभ्याच पुस्तक चाळलं. "फिन्टन, चाळीसच नावं दिसतायत. लेकरांचं वावर कुठंय?"

"ते पेन्सिलीत होतं हो, ब्रिजी. कच्चं. आम्ही पक्कं तेवढंच घेतलं."

"म्हणजे माझा भाऊही पेन्सिलीतलाच."

"असं काय बोलता! सँडविच घ्या. अंड्याचं आहे."

"मॅलकीची वही आण. सगळ्यांना दाखवते."

"जपून ठेवलीय ती," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा बूट माझ्यापासून वीतभर लांब होता.

एप्रिलमध्ये वरच्या कुरणात खोदयंत्र आलं. गुरांच्या शेडसाठी चांगला सपाट कोपरा होता तो. नियमाप्रमाणे नकाशा पाहिला, पुस्तकही पाहिलं. दोन्हींत काही नव्हतं. यंत्र चालवणाऱ्याला पांढरे दगड आवडले, म्हणून ते आता फिन्टनसाहेबांच्या फाटकाशी फुलांभोवती ओळीने मांडले आहेत. येणारे-जाणारे तारीफ करतात. हे सगळं मला टेबलावरच्या गप्पांतून कळलं.

गुरुवारी इथे म्हाताऱ्यांचं जेवण असतं. ब्रिजी याच टेबलाशी बसतात आणि उठताना यालाच रेटा देऊन उठतात. तो भार माझ्यावर येतो. दर गुरुवारी त्या विचारतात, "मॅलकीची वही कुणी पाहिलीत का?"

"असेल हो कुठेतरी जपून," सगळे म्हणतात. मग पावसावर बोलतात.

शेड आता उभी आहे. ती कशावर उभी आहे हे सांगणाऱ्या दोघीच उरल्या आहेत, टेबलावर टेकणारी एक आणि टेबलाखालची एक. माझ्यातल्या पेन्सिलीच्या दोन ओळी रोज थोड्या फिकट होतात.

मित्रांनो, तुमच्या गावात कुणी काही सांगत असेल, तर आधी शाईत लिहा आणि परवानगी नंतर विचारा. मला इथून काढा, असं मी म्हणत नाही, टेबल डुगडुगेल. फक्त शुक्रवारी फरशी पुसायला येतात त्या बाईंना एवढं सांगा, फडकं जरा पिळून घ्या म्हणावं.